जानकीचं सुतक

पार्शे गावात कुणालाही विचारा, जानकी कोण? बाबलीच्या घरची, असं उत्तर मिळेल. भावजयही घरचीच आणि भांडी घासणारीही घरचीच. जोवर कुणी मरत नाही तोवर फरक विचारायला कुणाला सवड असते?

दोडामार्गाकडची ही पोर काजूच्या हंगामात मजुरीला आली आणि राहूनच गेली. त्याच वर्षी बाबलीची वहिनी बाळंतपणात गेली, पाठोपाठ भाऊही गेला. मागे उरला तान्हा गौरेश. बाबली बिनलग्नाचा, घरात बाईमाणूस नाही. जानकी जातीतलीच, म्हणून मूल तिच्या पदरात पडलं. तिचं स्वतःचं लग्न राहिलं ते राहिलंच. पेज भरवून तिने त्याला वाढवलं, तापात उशाशी बसली. तो बोबडं आये म्हणू लागला तेव्हा बाबलीने दटावलं, "आये खंयची? जानकी म्हण तिका." पोरगं शहाणं निघालं. चारचौघांत जानकी म्हणायचं आणि चुलीपाशी आये.

मोठा होऊन गौरेश मोपाच्या विमानतळावर टॅक्सी चालवू लागला. त्याचं लग्न झालं, सुविधा घरात आली. जानकीचं अंथरूण तेवढं मागच्या पडवीत गेलं. तिला त्यात काही वावगं वाटलं नाही. खरं तर वाटायला हवं होतं.

एका दुपारी तिचा फोन वाजला. पलीकडे कुणी टेंपोवाला होता. "तुमच्या झिलाक अपघात झालोसा. तोच म्हणता, आयेक फोन लाव." बाबली पणजीला, सुविधा डिचोलीला माहेरी. जानकीने दोघांना कळवलं आणि शेजारच्याच्या स्कूटरवर बसून पायात चपला नाहीत याचंही भान न ठेवता इस्पितळ गाठलं.

अतिदक्षतेच्या दाराशी नर्सने अडवलं. "जवळच्या नातेवाइकांनाच आत सोडतो. तुम्ही पेशंटच्या कोण?"

एवढाच प्रश्न. आई म्हटलं असतं तर कोण पुरावा मागणार होतं? पण जन्मभर जिला तिची जागा दाखवून ठेवली, तिची जीभ ऐन वेळी त्याच जागी जाऊन बसली. "मी त्यांच्याकडे कामाक आसंय," जानकी म्हणाली.

"मग बाहेर बसा. घरचं कुणी आलं की सांगा."

ती बाकावर बसली. दार उघडायचं, मिटायचं. दर वेळी ती अर्धी उठायची आणि पुन्हा बसायची. बाबली पोचला तेव्हा सगळं आटोपलं होतं. सुविधा आल्यावर नर्स तिला हळूच म्हणाली, "शेवटपर्यंत शुद्धीवर होते हो. आये आली काय, आये आली काय, एकसारखं विचारत होते."

बाबलीने डोळे पुसले. "वयनी न्हेवक आयली त्याका," तो म्हणाला. सगळ्यांनी माना डोलावल्या. मेलेली आई लेकाला न्यायला आली, हे सगळ्यांना पटलं. जिवंत आई भिंतीला टेकून उभी होती. तिने तोंडात पदर कोंबला.

अग्नी दिला गेला. घराला सुतक लागलं. सुतकात घरच्यांनी देवाला हात लावायचा नाही. दिवा लावायला परका माणूस लागतो. संध्याकाळी बाबलीने पडवीत येऊन हाक मारली. "जानकी, तुका सुतक ना. देवाकडे दिवो तू लाय."

त्याच्या बोलण्यात दुष्टपणा नव्हता, आणि तेच जास्त वाईट. जानकीने मान वर केली. "बाबलीबाब, माका सुतक आसा."

"तुका खंयचा सुतक? रगताचा तरी नातां आसा?"

"माजो झील गेलो," ती म्हणाली, आणि त्या घरात पहिल्यांदाच मोठ्याने रडली.

बाबली चिडला. शोक झाला म्हणून माणसाने पायरी सोडावी का, असं तो लोकांना विचारत राहिला. दिवा शेजारची वत्सला येऊन लावून जाऊ लागली. जानकीने मात्र सुतक पाळलं. देवखोलीकडे फिरकली नाही, कुणाला शिवली नाही, डोक्याला तेल लावलं नाही. सुविधाला दिसत होतं. पण नवऱ्यामागे तिलाही त्याच घरात राहायचं होतं, तेव्हा ती गप्प बसली.

बाराव्याला भटजींनी घर शुद्ध केलं. घरच्यांच्या हातावर सुतक फिटायचं तीर्थ दिलं. मागे, पडवीच्या कडेला न्हाऊन बसलेल्या जानकीने ओंजळ पुढे केली. भटजींनी बाबलीकडे पाहिलं.

"तिका नको. ती आमच्यातली न्हय."

भटजी पळी घेऊन परत फिरले. घराचं सुतक फिटलं, देवासमोर पुन्हा बाबली बसू लागला.

जानकी अजून त्याच घरात राबते. पण देवखोलीचा उंबरठा तिने आजतागायत ओलांडलेला नाही. कुणी कारण विचारलं तर हातातलं काम न थांबवता सांगते, "माका अजून सुतक आसा."