पहिल्या गाण्यातलं नाव

नाझनीनसमोर कोणी बसलं आणि त्याचं नाव तिच्या गाण्यात गेलं नाही, असं कधी झालं नाही. ऑफिसात डबे उघडले की ती टेबलावर ताल धरून लग्नगीत म्हणायची आणि आमच्या मॅनेजरपासून एसी दुरुस्त करायला आलेल्या माणसापर्यंत सगळ्यांना लग्नाच्या मांडवात नेऊन बसवायची. मूळची रत्नागिरीची, राहायला शारजात अल मजाजला. आवाज किंचित घोगरा. गाण्याच्या परीक्षा मी दिलेल्या, तिने एकही नाही. तरी लोक जमायचे ते तिच्याभोवती.

मला तिचा हेवा वाटायचा. स्पष्टच सांगते, आजही वाटतो.

आमचा एक बँड आहे. टेनेसीचा ब्रायन बँजो वाजवतो, एक केरळी मित्र ढोलक आणि मी गिटार. अमेरिकन लोकगीतं आणि आपली लोकगीतं एकत्र बांधायची कल्पना माझी. पहिला अल्बम निघणार होता आणि त्यातलं पहिलं गाणं मी म्हणणार, हे ठरलेलं होतं. एखादं कोकणातलं गाणं हवं, असं ब्रायन म्हणाला तेव्हा नाझनीनला अल बर्शातल्या स्टुडिओत घेऊन गेले ती मीच. आपल्याच हाताने पायावर धोंडा पाडून घेतला, दुसरं काय!

तिचं लग्नगीत ऐकून ब्रायनने बँजो खाली ठेवला. "धिस वन गोज फर्स्ट," म्हणाला. मी हसले. कशी हसले ते माझं मला माहीत.

रेकॉर्डिंगच्या दिवशी मात्र देव माझ्या बाजूने उभा राहिला. प्रत्येक टेकला बाई वेगळं नाव घेई. एकदा ब्रायन, एकदा त्याची बायको, एकदा तर खुद्द रेकॉर्डिस्ट! एका टेकचं कडवं दुसऱ्याला जोडता येईना. रेकॉर्डिस्ट वैतागून म्हणाला, "मॅडम, सेम नेम, प्लीज!"

"अरे हबीबी, मांडवात कालच्या पाहुण्याचं नाव आज घेतात का?"

मी काचेच्या अलीकडे हाताची घडी घालून उभी होते. हळूच ब्रायनला म्हटलं, मी एका टेकमध्ये करून देते. दिलंही. सुरात, तालात, कुठे खोट नाही. "व्हेरी क्लीन," ब्रायन म्हणाला. घासलेल्या पातेल्याचं कौतुक करावं तसं.

नाझनीन पुन्हा आत गेली. या वेळी काचेतून थेट माझ्याकडे बघत गायली. मांडवात कोण गो आली, मेधा गो आली. कुठेही न थांबता तिने गाणं शेवटाला नेलं, आणि तोच टेक अल्बमवर गेला. माझ्या बँडच्या पहिल्या अल्बमच्या पहिल्या गाण्यात मी आहे, पण तिच्या तोंडी. लोक कौतुकाने विचारतात, ती मेधा तुम्हीच का? अशा वेळी काय करायचं माणसाने?

गेल्या वर्षी तिच्या नवऱ्याची नोकरी गेली आणि ती बाडबिस्तरा आवरून रत्नागिरीला परतली. एअरपोर्टवर सोडायला मी गेले होते. न राहवून विचारलं, "त्या दिवशी माझंच नाव का घेतलंस?"

"अगो मेधा, आमच्यात लग्नात एखादी फुफू, तुमची आत्या गो, रुसून कोपऱ्यात बसतेच," ट्रॉली ढकलत ती म्हणाली. "गाणारीने तिला शोधायचं आणि तिचं नाव घ्यायचं. नाव घेतलं की उठून मांडवात येते बिचारी. त्या दिवशी तुझं तोंड बघितलं होतंस का तू? चल, खलास. गाडी नीट चालव."

आणि मी समजत होते, माझा हेवा कुणाला दिसला नाही!

आता कार्यक्रमात ते गाणं मी म्हणते. टाळ्याही पडतात. नाव घ्यायची जागा आली की समोरच्या चेहऱ्यांवरून नजर फिरवते. त्यातलं कोण रुसून बसलंय, ते मला काही केल्या दिसत नाही.