तुमच्यातली खुर्ची

दर उन्हाळ्यात आमच्या नाशकात व्याख्यानमाला भरते आणि तिच्यात एक दिवस सामाजिक न्यायाचा असतो. त्या दिवशी व्यासपीठावर चार खुर्च्या. एकीवर अध्यक्ष, एकीवर पत्रकार, एकीवर कुठल्या तरी पक्षाचा सुशिक्षित माणूस आणि शेवटच्या खुर्चीवर मी. मी कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवते. पण त्या खुर्चीवर मला मराठीसाठी कोणी कधी बसवलं नाही. मी बौद्ध आहे, बाई आहे आणि वेळेवर येते, म्हणून बसवतात.

मला बोलवायची माझी मैत्रीण. ती आमच्याच कॉलेजात संस्कृत शिकवते आणि व्याख्यानमालेची कार्यवाह आहे. माहेर त्र्यंबकचं, भाऊ अजूनही यात्रेकरूंचे विधी करतात; यजमान घराण्यांच्या वह्या वडिलांकडून आलेल्या. स्टाफरूममध्ये आमचे डबे शेजारी-शेजारी उघडतात. माझ्या डब्यातली सुकटीची चटणी ती खात नाही, पण वास आला म्हणून कधी नाकही मुरडत नाही. बाई मनाने चांगली आहे. तिच्यावर रागवायचं म्हटलं तरी मला जमत नाही, आणि हीच माझी पंचाईत आहे.

तिच्या तोंडी एक शब्द आहे, ‘तुमच्यात’. तुमच्यात हळद लावतात का गं? तुमच्यात बारसं करतात का? तसा तो सगळ्यांच्याच तोंडी असतो. मराठी माणूस दोन वाक्यांत आडनाव विचारतो, तिसऱ्यात गाव, आणि चौथ्यापर्यंत त्याला ‘तुमच्यात’ म्हणायचं की ‘आपल्यात’, हे कळलेलं असतं. माझं आडनाव दोन्हीकडे चालतं. भाड्याचं घर बघत होतो तेव्हा एक घरमालकीणबाई खूश होऊन म्हणाल्या होत्या, ‘आपल्यातलेच दिसता.’ मग भिंतीवर कोणाचा फोटो लावणार, ते आमच्या बोलण्यात आलं आणि खोली त्यांच्या पुतण्याला हवी असल्याचं त्यांना आठवलं.

व्याख्यानमालेत पहिल्या रांगेत एक निवृत्त गृहस्थ बसतात. बाकं टोचतात म्हणून घरून उशी आणतात. प्रश्नोत्तरं सुरू झाली की त्यांचा हात पहिला वर. ‘तुमच्यात आता इतके शिकलेले, मोठ्या पदावरचे लोक आहेत. मग हे अजून किती वर्षं चालायचं?’ दर वर्षी हाच प्रश्न. सुरुवातीला माझे कान तापायचे. पुढे पुढे मी आधी हसायला लागले. मग पाण्याचा एक घोट. मग ‘चांगला प्रश्न विचारलात.’ तेवढ्यात उत्तर आपोआप जिभेवर येतं. दाढ काढताना इंजेक्शन देतात, त्यानंतर गाल आपलाच असून आपला वाटत नाही. माझं तसं झालं. टाळ्या पडायच्या, नारळ आणि शाल मिळायची, आणि घरी येऊन मी भांडी घासायची. कपाटात शालींची चळत आहे. थंडीत कोणी पाहुणे आले की उपयोगी पडतात.

या वर्षी मी मैत्रिणीला सांगितलं, ‘मला नको बोलवूस. मला आता आतून काही वाटत नाही. मी नुसत्या पाट्या टाकते.’

‘अगं, छान तर बोलतेस,’ ती म्हणाली.

‘तेच तर.’

तिला ते कळलं नाही. पण ती बरं म्हणाली.

याच वर्षी माझ्या मुलीला व्याख्यानमालेत बोलायचं होतं. ती सांडपाण्याची इंजिनिअर आहे. सामाजिक न्यायाच्या दुसऱ्या दिवशी गोदावरीच्या पाण्यावर परिसंवाद होता, आणि नवीन चेहरा हवा म्हणून मैत्रिणीनेच तिला विचारलं होतं. पोरगी हरखली. नाला नदीला मिळतो त्याच्या वरच्या अंगाचं एक आणि खालच्या अंगाचं एक, असं दोन बाटल्यांत पाणी भरून आणलं. लोकांना नुसतं दाखवायचं, बोलायची गरजच नाही, म्हणाली. फ्रिजला पाठ लावून उभी राहायची आणि भाषण म्हणून दाखवायची. रोज जेवायला बसलो की नाला, गाळ, पाणवेली. भाताचा घास हातात धरून मी ओरडायची, ‘जेवताना नको गं!’ ती हसायची आणि परत नाल्यावरच यायची. तिला त्या घाण पाण्याविषयी जे वाटत होतं, ते मला बरीच वर्षं कशाविषयीच वाटलं नव्हतं. मला तिचा हेवा वाटायचा, आणि भीतीही.

कार्यक्रमपत्रिका छापून आली. मुलीचं नाव होतं, पण सामाजिक न्यायाखाली.

मी मैत्रिणीला फोन लावला. ‘अगं, पाण्याला एक निवृत्त अधीक्षक अभियंता मिळाले. वजनदार नाव,’ ती म्हणाली. ‘आणि तू नाही म्हणालीस, ती खुर्ची काय रिकामी ठेवायची? तुमच्यातलं कोणीतरी नको का? लेक तुझ्यासारखीच गोड बोलेल.’ मग हसून म्हणाली, ‘आमच्याकडे यजमान वारशाने येतात, तुमच्याकडे परिसंवाद!’

मीही हसले. सवयीने हसले.

मुलीला म्हटलं, सरळ नाही म्हणून सांग. ती म्हणाली, ‘नाही म्हटलं तर मावशी म्हणतील, यांच्यातल्यांना लगेच लागतं. आणि पाण्याला पुढच्या वर्षीही बोलवणार नाहीत. जाते मी. सामाजिक न्यायातच नाला आणते. नाल्यात उतरतं कोण, सांगते.’ बाटल्या तिने पिशवीत भरल्या.

सभागृह भरलं होतं. मी पहिल्यांदाच समोर बसले. मुलगी शेवटच्या खुर्चीवर, पायाशी पिशवी. तिची पाळी आली तेव्हा ती उभी राहिली, बाटल्या टेबलावर ठेवल्या आणि म्हणाली, ‘या दोन्ही बाटल्यांतलं पाणी एकाच नदीचं आहे.’ आवाज स्वच्छ लागला होता. नाल्यात उतरणाऱ्या माणसांपर्यंत ती आली असेल-नसेल, तोच अध्यक्ष माईककडे वाकले. अतिशय सौजन्याने म्हणाले, ‘ताई, पाण्याचा विषय उद्या आहे. आज तुम्ही तुमचे अनुभव सांगा.’

मागून कोणीतरी हो-हो म्हणालं. मुलीने माझ्याकडे बघितलं. मी काय करायला हवं होतं, मला अजून कळलेलं नाही. तिने बाटल्या उचलून पिशवीत ठेवल्या आणि घरमालकीणबाईंची गोष्ट सांगितली. ती माझी गोष्ट होती, तेव्हा ही जन्मालाही आली नव्हती. सभागृह हळहळलं.

मग उशीवाल्यांचा हात वर गेला. तुमच्यात आता इतके शिकलेले लोक आहेत.

मुलगी हसली. मग तिने पाण्याचा एक घोट घेतला. ‘चांगला प्रश्न विचारलात,’ ती म्हणाली.

माझंच हसू होतं ते, जसंच्या तसं. टाळ्या पडल्या. मैत्रिणीने लांबून मला अंगठा दाखवला. तिचे डोळे पाणावले होते, आणि ते खोटं नव्हतं. मीही टाळ्या वाजवल्या. मला रडू यायला हवं होतं. आलं नाही.

परत येताना द्वारका चौकात नेहमीसारखे अडकलो. पुढे ट्रक, बाजूला रिक्षा, सगळ्यांचे हॉर्न. ती स्कूटर चालवत होती, मी मागे. मांडीवर शाल आणि पिशवी, पिशवीत बाटल्या एकमेकींवर आपटत होत्या.

‘लागलं का गं?’ मी तिच्या कानाशी विचारलं.

‘नाही गं. अध्यक्ष बोलले तेव्हा जरा. मग काहीच नाही.’ ती मान न वळवता म्हणाली, ‘सोपं असतं, आई. मला वाटलं होतं खूप अवघड असेल.’

घरी आल्यावर तिने दोन्ही बाटल्या मोरीत ओतल्या, हात धुतले आणि पानं घेतली. आम्ही जेवायला बसलो. ती भात कालवत होती, फोनवर काहीतरी बघत होती. नाल्याचं नाव नाही. मी वाट बघितली. शेवटी मीच म्हटलं, ‘सांग ना काहीतरी. पाण्याचं.’

‘जेवताना नको,’ ती म्हणाली.