वीस फुटांपलीकडचा टर्बो

बाळासो मिस्त्रीचं वय अठ्ठावन्न. डिझेल इंजिनात हात इतका मुरलेला की गाडी दारात वळली की आवाजावरून आजार सांगायचा. अक्कलकोट रोडवर असा मिस्त्री दुसरा नाही, हे मी नाही म्हणत, तोच म्हणायचा. म्हणजे जोतीरामनं समोर गॅरेज टाकेपर्यंत म्हणायचा.

हा जोतीराम अकरा वर्षं बाळासोकडंच कामाला होता. तीन वर्षांपूर्वी एके दिवशी रस्ता ओलांडून गेला आणि मालक झाला. रस्ता वीस फुटांचा. तेव्हापासून बाळासोची खुर्ची फिरली. पूर्वी तिचं तोंड आत कामाकडं असायचं, आता समोर. जोतीरामकडं लागलेल्या गाड्यांचे नंबर हा तोंडपाठ करणार आणि जेवताना बायकोपुढं म्हणून दाखवणार. अंबुबाई एकदा म्हणाली, “अवो, लग्नाची तारीख तेवढी कवा ध्यानात ऱ्हात न्हाय तुमच्या!”

माझी पानटपरी कडेलाच, चहा मी दोन्हीकडं पितो. इकडचं तिकडं होतं, त्यात माझा दोष किती धरायचा? मार्चात मीच खबर नेली.

“जोतीरामनं एका जीपचा टर्बो हलवला म्हणे.”

“हलवला? कंपनीला अक्कल न्हवती व्हय?”

टर्बो म्हणजे इंजिनाच्या धुरावर फिरणारा पंखा. तो इंजिनात जादा हवा कोंबतो, गाडीला दम येतो. त्या जुन्या जीपमध्ये तो बॅटरीला चिकटून अडचणीत बसवलेला. हवेची नळी लांबून वळसा घालायची आणि दम उशिरा यायचा. जोतीरामनं बॅटरी सीटखाली नेली, एअर फिल्टर पुढं सरकवला, आणि मोकळ्या झालेल्या जागेत टर्बो वर, इंजिनाच्या डोक्याशी आणला. हातभर नळी वीतभर झाली. मी हे सगळं सविस्तर, थोडं मीठमसाला घालून सांगितलं. बाळासोचा चहा तसाच गार झाला.

आठवड्यातच उजनीकाठचा दिग्विजय आला. केळीचा बागायतदार, बाळासोचं पंधरा वर्षांचं गिऱ्हाईक. केळी भरलेली जीप धरणाकाठचा चढ घेईना.

“मिस्त्री, त्या जोतीरामनं केलंय तसं करता का? शनवारी माल न्यायचाय. न्हायतर तितं लावतो गाडी.”

‘तितं’ म्हणताना त्यानं समोर बोट केलं. ते बोट बाळासोच्या डोळ्यातच गेलं म्हणा.

“तसं कशाला? त्याच्यापेक्षा भारी करतो की!”

आता भारी म्हणजे काय? त्यानं टर्बो वर घेतला, मग याला वर घेता येईना. वर घेतला तर उभा रोड म्हणणार, बाळासोनं जोतीरामची नक्कल मारली. मग यानं टर्बो घेतला खाली, पार चेसिसच्या पट्टीजवळ. “खाली वारं लागतं, गार ऱ्हातुय,” मला म्हणाला. मी मान डोलावली. मला काय कळतंय?

वेल्डिंग मात्र असं केलं की टाका हातानं घातल्यासारखा. गुरुवारी दुपारी जीप चालू केली. काय तो दम! बाळासोनं मुद्दाम जोतीरामच्या दारावरून दोन चकरा मारल्या. तिसऱ्या चकरेला मागून निळा धूर निघाला. असा की जोतीरामचं गॅरेज दिसेना. तीन वर्षांत पहिल्यांदा बाळासोला ते दिसत नव्हतं, पण सुख कुठलं?

गुरुवारी टर्बोचे सील बदलले. धूर. शुक्रवारी सकाळी टर्बोच दुसरा बसवला. तरी धूर. समोर जोतीराम स्टुलावर बसून शेंगा खात होता. एक एक शेंग सावकाश फोडून.

“जावा की,” अंबुबाई म्हणाली. “वीस फूट हाय.”

“जीव गेला तरी न्हाय.”

“जीव न्हाय, दिग्विजयराव जातील. उद्या शनवार हाय.”

ते वीस फूट चालायला बाळासोला अर्धा तास लागला. मधे दोनदा तो माझ्याकडं येऊन पाणी प्याला.

जोतीराम हात पुसत आला आणि जीपखाली शिरला. बराच वेळ बाहेर येईना. आला तो वेल्डिंगकडं बोट दाखवतच.

“ही शिवण तुमची?”

“मग कुणाची?”

“मला न्हाय जमत असली. तीन वर्षं झाली, न्हाय जमत.” हे सांगताना त्याचं तोंड कारलं चावल्यागत झालं होतं. मग म्हणाला, “मिस्त्री, टर्बोला तेल पंपानं येतं, पण माघारी जायला नुसता उतार लागतो. तुमी टर्बो इंजिनाच्या बुडाशी चेंबरमधी जे तेल साठतं, त्याच्याबी खाली नेलाय. तेल चढणार कसं? साचतं आन् सीलमधनं धुरात जातं.”

“मला ठाव हाय.”

“व्हय की. तुमीच शिकीवलंय मला.”

बाळासोचा चेहरा बघण्यासारखा झाला. मी बघितला.

टर्बो वर आला. दोघांनी मिळून आणला, सगळा वेळ भांडत. शनिवारी जीप निघताना नारळ फोडायची वेळ आली. आमच्या रोडवर रीत आहे, इंजिन उघडणाऱ्यानं टायरपुढं नारळ फोडायचा. दिग्विजयनं नारळ पुढं केला आणि कुणाकडं द्यायचा ते कळेना.

बाळासोनं तो घेतला, हातात फिरवला आणि जोतीरामच्या हातावर ठेवला.

“फोड. पर माज्या दारात फोडायचा!”

नारळ फुटला. दिग्विजयनं एकेक भकल दोघांना दिलं. दोघंही एकमेकांच्या हाताकडं बघत होते, मोठं कुणाला गेलं म्हणून.

जोतीरामला गेलं होतं. मी लगेच बाळासोला सांगितलं.