उज्जैनजवळची कोठी आणि एक मुक्काम

राज्यांची वाटणी झाली आणि नागपूर मुंबई राज्यात गेलं, आम्ही इकडे. माझे यजमान माधवराव (नाव घेतल्याबद्दल सासरच्यांनी क्षमा करावी) सचिवालयात कारकून, आणि त्यांची नेमणूक नव्या मध्य प्रदेशात झाली. म्हणून भोपाळ. दोन खोल्या, समोर दुसऱ्याची भिंत. माझे सासरे आप्पा खिडकीपाशी बसून त्या भिंतीकडे बघत. नागपूरचं घर विकलं तेव्हा ते एक शब्द बोलले नाहीत, आणि नंतरही फारसं बोलले नाहीत. वर्षभर हे पाहिल्यावर माझा धीर सुटला. त्याच सुमारास वर्तमानपत्रात दोन ओळी दिसल्या: उज्जैनजवळ जीर्णोद्धार केलेली कोठी, पाहुणघर, विहीर आणि जमीन विकणे आहे. नागपूरच्या घराचे पैसे होतेच; आप्पा आणि मी तिथे राहू, हे सुट्टीला येतील, असा हिशेब करून मी त्या आप्पांना वाचून दाखवल्या. ते म्हणाले, "बघून येऊ." त्यांनी आपण होऊन काही म्हटलं, याचंच मला इतकं अप्रूप वाटलं की त्याच रात्री मी दशम्या करायला घेतल्या.

माघ महिना होता. जाणार असाल तर याच दिवसांत जा. उन्हाळ्यात माळव्याची काळी माती भेगाळते, पावसात ती पाय सोडत नाही. भोपाळहून गाडी दुपारी उज्जैनला पोचते. स्टेशनसमोर फ्रीगंजात एका धर्मशाळेत आम्ही उतरलो. स्वच्छ आहे, पांघरूण मात्र आपलं न्यावं. संध्याकाळी महाकालाचं दर्शन घेतलं. सकाळी तिथल्या घड्याळाच्या टॉवरजवळ पोहे खाल्ले, वर शेव, बडीशेप आणि जिरावण नावाचा आंबट-तिखट मसाला. नागपूरच्या तर्रीपोह्यांवर वाढलेल्या माणसानं हे कबूल करू नये, पण मी दुसरी बशी मागवली.

टांगेवाल्याशी नव्या पैशांवरून हुज्जत झाली. तो आण्यांत भाव सांगे, माधवराव नव्या पैशांत हिशेब करत, आणि घोडा दोघांकडे पाठ करून उभा. कोठीचं नाव काढताच टांगेवाला हसला. "कोठी तो बिकेगी नी, साब. सब लोग देखके, जीमके आ जाते हैं."

सगळे बघतात, जेवतात आणि परत येतात म्हणे! मी म्हटलं, शुभ बोल नाऱ्या.

नानाखेड्याची वस्ती मागे पडली की दोन्ही बाजूंनी गहू आणि हरभरा. रस्ता कच्चा, पण टांगा जातो. बांधावर बायका ओला हरभरा भाजत होत्या. एकीनं आप्पांच्या ओंजळीत मूठभर घातला. आप्पा सोलून खात होते आणि मध्येच मलाही देत होते. लग्न होऊन आल्यापासून असं कधी झालं नव्हतं. कोठी मिळाली पाहिजे, असं मी त्या टांग्यात मनाशी घट्ट धरलं.

कोठीचे मालक दाजीसाहेब फाटकाशी उभे होते. सत्तरीचे, ताठ, डोक्याला पागोटं. त्यांचे पूर्वज महाराष्ट्रातून दरबारच्या चाकरीला आलेले. "यावं, यावं. प्रवासात तकलीफ तर नाही झाली?" त्यांच्या मागे त्यांच्या पत्नी, काकू. बारीक, निळ्या काठाचं लुगडं, डोळ्यांवर जाड भिंगं. त्यांनी माझा हात धरला तो पायऱ्या चढताना मला सांभाळायला की स्वतःला, ते कळलं नाही.

घर मात्र बघत राहावं असं. जुन्या भिंतींना बैलाच्या घाण्यात मळलेल्या चुन्याचा गिलावा, वर नवी कौलं, दारांना तेलपाणी केलेलं. जहागिरी गेल्यावर खुद्द कसायची जमीन आणि ही कोठी उरली, तेव्हा दाजीसाहेबांनी होतं नव्हतं ते घालून सगळं दुरुस्त केलं. विहिरीचं पाणी गोड. मागे पेरू, लिंबं, आणि आप्पांना सकाळ-संध्याकाळ फिरता येईल असा लांब बांध. एक गोष्ट तेवढी खटकली. आतल्या खोलीत ट्रंका दोरीनं बांधून ठेवल्या होत्या आणि दोऱ्यांवर धूळ होती.

"इंदुरात मुलगी आहे माझी," काकू हळूच म्हणाल्या. "डोळ्यांचं ऑपरेशन करायचं आहे. ती बुलावून बुलावून परेशान झाली. हे म्हणतात, घर विकलं की जाऊ. दोन वर्षं झाली हो, मी बांधून बसली आहे."

पाहुणघर अंगणापलीकडे होतं. दोन पलंग, पांढऱ्याशुभ्र चादरी, मच्छरदाण्या, पाणी भरलेलं तांब्याभांडं. कुणी आत्ता येऊन टेकणार असावं असं. उज्जैनचा राजा महाकाल, म्हणून दुसऱ्या राजानं शहरात रात्र काढायची नाही, हे तिथे सगळे धरून चालतात. राजे बाहेर उतरत, आणि त्यांच्या लवाजम्यातले मानकरी, कारभारी या पाहुणघरात. त्यांची बडदास्त ठेवणं हेच या घराण्याचं काम.

"संस्थान विलीन झाल्यापासून कुणी आलं?" माधवरावांनी विचारलं.

"अजून नाही," दाजीसाहेब म्हणाले. "पण राज्य बदललं म्हणून रीत थोडीच बदलते? आता मंत्री येतील, सेक्रेटरी येतील. त्यांना पण शहराबाहेर मुक्काम लागेलच ना! तुम्ही तर भोपाळचेच. तिकडे काय बोलणं चाललंय?"

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. हा माणूस घर विकत नव्हता, वाट बघत होता. काकूंनी नंतर सांगितलं, पेढीवाला आला, त्याला गोदाम करायचं होतं म्हणून नकार. डॉक्टर आला, त्याला पाहुणघर पाडून दवाखाना बांधायचा होता, म्हणून त्यालाही. प्रत्येकाला जेवू घालून परत पाठवलेलं.

माधवराव सरळ माणूस. त्यांना गोड बोलता येत नाही, हे माझं जुनं दुखणं. ते म्हणाले, "दाजीसाहेब, कुणी नाही येणार. साहेबलोक मोटारीनं सकाळी निघतात आणि रात्री भोपाळला घरी जेवतात. आम्ही घर राहायला मागतोय. पाहुणघरात आप्पा राहतील."

दाजीसाहेबांनी चादरीवरची नसलेली सुरकुती हातानं सारखी केली. काकू दारात उभ्या होत्या. दहा वर्षं त्यांच्या ओठांवर असलेलं वाक्य परक्या माणसानं बोलून टाकलं होतं. मला वाटलं, आता ते हो म्हणतील.

"जेवायला चला," दाजीसाहेब म्हणाले. "पानं वाढली आहेत."

जेवणात डाळ-बाफले होते, कणकेचे उकडून भाजलेले गोळे, तुपात बुडवलेले. त्यांनी आग्रह कमी केला नाही, पण विक्रीचा विषय पुन्हा काढला नाही. हात धुताना एवढंच म्हणाले, "ज्याच्यासाठी बांधलं, त्याच्या आधी दुसऱ्याला कसं देऊ?" टांगेवाल्याचं खरं झालं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते लपवलं नाही. भोपाळची ती भिंत मला तिथूनही दिसत होती.

निघायच्या वेळी दोन गोष्टी झाल्या. काकू एक ट्रंक घेऊन बाहेर आल्या आणि टांगेवाल्याला म्हणाल्या, "भैया, ये रख लो." मग नवऱ्याकडे वळून: "मी चालली. तुम्ही या मागून, जसं जमेल तसं. आता मला दिसतंय तोवर जाऊ द्या." दाजीसाहेबांनी ट्रंक स्वतः उचलून टांग्यात ठेवली.

आणि आप्पा टांग्यात चढलेच नाहीत. "मला कुठे पोचायचंय?" ते म्हणाले. "दाजीसाहेब, चार दिवस राहू का?"

दाजीसाहेबांचा चेहरा असा उजळला की बघवेना. "अहो, राहू का काय विचारता! आपलंच घर आहे." आणि ते लगबगीनं पाहुणघराकडे वळले. काकूंना फाटकापर्यंत पोचवायचं राहून गेलं.

येताना टांग्यात आप्पा होते, जाताना काकू. स्टेशनवर त्यांना इंदूरच्या गाडीत बायकांच्या डब्यात बसवून दिलं. "माझ्या मागून येतील ते," त्या म्हणाल्या. "एकटं राहवत नाही त्यांना." आम्ही रात्रीच्या गाडीनं भोपाळला आलो. मला वाईट वाटत होतं, आणि हलकंही वाटत होतं. आप्पांची सोय झाली, काकू सुटल्या. घर न घेताही सगळ्यांचं भलं झालं, अशी मी आठवडाभर शेजारणींना बढाई मारली.

चार दिवसांचे चाळीस झाले. होळीला माधवराव आप्पांना आणायला गेले आणि एकटेच परतले. आप्पा काळवंडले होते म्हणे, मजेत होते, पेरूंना पाणी घालत होते. दाजीसाहेबांना यांनी विचारलं, काकूंकडे केव्हा जाणार? त्यांनी आश्चर्यानं पाहिलं. "घरात पाहुणे असताना यजमानानं घर सोडून कसं जायचं?"

माधवरावांनी मग आप्पांना बाजूला घेतलं. आप्पा म्हणाले, "मी हललो की ते हलतील, हे मला कळतं रे. पण मला हलवत नाही."

मी रागावले. आयुष्यात पहिल्यांदा सासऱ्यांचा राग आला, आणि नागपूरच्या घराची कुलपं त्यांनी कशी एकेक करून दोनदा ओढून पाहिली होती ते आठवून तो राग धड टिकेनाही. पुढच्या रविवारी मी एकटी इंदूरला गेले. काकूंच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, हिरवी पट्टी होती. कुणीतरी सांगायला हवं होतं, मी सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"दहा वर्षं मी महाकालाला एकच मागितलं," त्या म्हणाल्या. "यांच्याकडे एक तरी पाहुणा येऊ दे. एकदा कुणी आलं की यांचं मन भरेल, आणि मग हे निघतील, असं वाटायचं मला."

मग त्यांनी मुलीला माझ्यासाठी चहा टाकायला सांगितलं.

भोपाळच्या खिडकीपाशी आता मी बसते. आप्पांना पावसाळ्याआधी आणायचंच, असं रोज ठरवते, आणि आणून परत या भिंतीसमोर बसवायचं, हेही रोज दिसतं. तुमच्यापैकी कुणाला ती कोठी घ्यायची असेल, तर जरूर जा. घर उत्तम आहे, पाणी गोड आहे. दाजीसाहेब जेवायला घालतील, जेवा. रात्री राहा म्हणून आग्रह करतील. तेवढं मात्र नाही म्हणा.