वहिनीचा तिसरा वाफा

मी तोंडाचा फटकळ, सगळा गाव जाणतो. पण एका ठिकाणी माझीच बोबडी वळली, आणि त्याची लाज अजून जात नाही.

थोरला भाऊ शहरात कारखान्यात आहे. त्याच्या वाटणीचं भातशेत वहिनी एकटी बघते. बांधाच्या अलीकडे ती, पलीकडे मी. पाऊस आता पूर्वीसारखा राहिलेला नाही. आज धो धो, मग तीन-तीन आठवडे गायब. आम्ही बाप्ये आभाळाला शिव्या घालत बसायचो. वहिनीने भाताच्या रोपांचे तीन वाफे केले, तेही एकदम नाही, ठरावीक दिवस सोडून एकेक. "पाऊस कधीही येवो भावजी, एका वाफ्यातली रोपं तरी लावणीच्या वयाची सापडतील," म्हणाली.

"मूल एक आणि पाळणे तीन!" मी बांधावरून ओरडलो. चार जण खदखदले. तीही हसली आणि परत खाली वाकली.

ऐन लावणीच्या वेळी पाऊस जो गेला, तो पंचवीस दिवस फिरकला नाही. माझी रोपं वाफ्यातच म्हातारी झाली. वहिनीचेही दोन वाफे गेले. तिसरा मात्र तिने ओढ्यावरून घागरीने पाणी आणून जगवला, दिवसाला तीस-तीस खेपा घालून. खांद्याची सालपटं निघाली बाईच्या. पाऊस परतला तेव्हा तिचीच रोपं तेवढी लावणीजोगी होती. आपली लावणी उरकून तिने उरलेल्या जुड्या माझ्या बांधावर आणून ठेवल्या. मी न मागता. माझं अर्धं शेत त्यांच्यावर उभं राहिलं, आणि मी काय म्हणालो? "ठेव तिकडे."

पीक पोटरीत आलं तेव्हा शेती खात्याचे साहेब आले. आजूबाजूची शेतं ओसाड, आमचे दोन तुकडे हिरवेगार. "ही युक्ती कुणाची?" त्यांनी विचारलं. ज्याची असेल त्याला पाणी उपसायचा पंप मिळणार होता. वहिनी चहाचे कप घेऊन माझ्या मागेच उभी होती. तिला त्या पंपाची किती गरज आहे हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक होतं? तरी तोंडातून निघून गेलं, "माझीच."

"वा! दोन वाफ्यांत अंतर किती दिवसांचं ठेवलंत?"

आठ? पंधरा? हसायच्या नादात मोजलंय कुणी!

"बारा दिवस, साहेब," मागून वहिनीचा आवाज आला. "भावजींनी मलाही तसंच सांगितलं होतं."

साहेबांनी लिहून घेतलं. तिने माझ्या हातात कप दिला. धरणीने पोटात घ्यावं असं झालं मला.

पंप माझ्या ओसरीवर आला. रोज ठरवायचो, आज नेऊन देतो. पण दिला तर लोक विचारणार, का दिला? मग उद्यावर ढकलायचो. असं करता करता वर्ष गेलं.

यंदा पावसाने पुन्हा दडी मारली. काल सकाळी वहिनी दारात आली. पायरीखालीच उभी राहिली.

"भावजी, तुमचं काम नसेल तेव्हा एक दिवस पंप द्याल का? तिसरा वाफा सुकायला लागलाय. मी जपून वापरीन."

तिचाच पंप ती माझ्याकडे उसना मागत होती. "वहिनी, तो तुझाच आहे," एवढे चार शब्द घशापर्यंत आले, अगदी देवाशपथ आले. आतून बायको बघत होती. मी डोकं खाजवलं.

"बघतो," मी म्हणालो. "परवा जमेल बहुतेक."

पंप तिच्या समोर, ओसरीवर, मोकळाच पडला होता. तिने त्याच्याकडे एकदा बघितलं.

"चालेल की," ती म्हणाली. "आधी तुमचं होऊ दे."