मी ‘असेल’ म्हणाले

हे मी कोणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला तर नाहीच. आज तुमच्यासमोर बसलेय, तर सांगून टाकते — मध्येच थांबले तर थांबू द्या.

आधी हे ऐका, की नातेवाइकांत माझं नाव फार चांगलं आहे. एड्स झालेल्या भावजयीला मरणाच्या दारातून ओढून आणणारी नणंद — असं म्हणतात मला. लग्नकार्यात पुढे बसवतात. आणि मी बसते.

माझा भाऊ अशोक माझ्याहून सहा वर्षांनी लहान. वडील लवकर गेले, म्हणून त्याचं सगळं माझ्या विचारानं चालायचं. मी लग्न होऊन रोह्यासमोरच्या अष्टमी गावात आले, नदीवरचा पूल ओलांडून रोह्याच्या एका शाळेत कारकुनी करायचे. तो आणि आई पेणला, रामवाडीत. तो टँकरवर ड्रायव्हर होता. नव्वदीच्या सुरुवातीची वर्षं ती. जवळच्याच गडब गावची कुंदा त्याला पसंत पडली. तिच्या वडिलांचं हायवेला लागून चहाचं दुकान. तीही तिथे बसायची. हसरी होती — फार हसरी.

लग्नाला पंधरा दिवस राहिले असताना अशोक माझ्याकडे आला. मुंबईत एका मित्राच्या ऑपरेशनला रक्त द्यायला गेला होता, आणि रक्तपेढीनं त्याला परत बोलावून चिठ्ठी दिली होती. मी ती वाचली. त्या रोगाचं नाव तोवर आम्ही फक्त दवाखान्याच्या भिंतीवर पाहिलेलं. तो खाली मान घालून म्हणाला, “ताई, मी लग्न मोडतो. आईला काय ते तू सांग.”

मोडतो — असं तो स्वतः म्हणाला होता.

आणि मी? मी म्हणाले, “चिठ्ठी चुकीची असेल. तुला साधा खोकला नाही. पत्रिका वाटून झाल्यात, आई हाय खाईल. गप बस.” तो गप बसला. माझं कधी मोडलंच नव्हतं त्यानं. चिठ्ठी मी चुलीत घातली. कुंदाचा विचार माझ्या मनात आला नव्हता का? आला होता. म्हणूनच तर जाळली.

तिसऱ्या वर्षी अशोक अंथरुणाला खिळला आणि चार महिन्यांत गेला. मग कुंदाची तपासणी झाली. तिलाही होतं.

आई बोलायला लागली — हायवेवरच्या दुकानात बसायची, किती ट्रकवाले येत असतील, हिनंच आणला रोग घरात. आळीभर तेच झालं. कुंदाचं ताट वेगळं, तांब्या वेगळा. मी रविवारी पेणला जायचे, ते ऐकायचे, चहा प्यायचे आणि एस.टी. पकडून परत यायचे.

पण हेही नाही — मला सांगायचंय ते याच्या पुढचं आहे.

एका दुपारी कुंदा मागीलदारी भांडी घासत होती. हात थांबवून तिनं विचारलं, “ताय, ल्हानपनी तापात मला गावच्या डाक्टरनी लय सुया टोचल्या व्हत्या. त्यातनंच आलं असंल का गो? माझ्याकरनंच ह्ये गेले काय?”

बिचारीनं स्वतःच शोधून काढली होती स्वतःची चूक. मला फक्त ‘नाही’ म्हणायचं होतं. चिठ्ठीचं न सांगताही म्हणता आलं असतं, नाही का?

मी म्हणाले, “असेल.”

ती परत भांडी घासायला लागली.

त्यानंतर ती बोलायची थांबली. केस विंचरेना, जेवेना. भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. एकदा सकाळी निघून गेली. मिठागरातल्या बायकांना खाडीच्या बांधावर दिसली, त्यांनी हाताला धरून परत आणली. तेव्हा मी तिला अष्टमीला घेऊन आले. कणव होती? होती. पण जास्त भीती होती — ही मेली तर ती मी मारलेली असणार.

मुंबईच्या मोठ्या इस्पितळात तिला टीबीची औषधं सुरू झाली, मनासाठीही गोळ्या दिल्या. तिथल्या डॉक्टरबाईंनी तिला समजावलं, “अगं, बहुतेक बायकांना हे नवऱ्याकडून येतं. तू का स्वतःला दोष देतेस?” कुंदानं मान हलवली. “नाय बाय. माझ्यामुळंच गेले ते. ताय पन म्हनली.” बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी वर पंख्याकडे पाहत बसले.

वर्षभर मी तिला भरवलं, न्हाऊ घातलं, एकही गोळी चुकू दिली नाही. एका सकाळी तीच म्हणाली, “ताय, सुकटीचं कालवन करू?” मी मोरीत जाऊन रडले.

कुंदा आजही आहे. पुढे सरकारी औषधं आली, ती चालू आहेत. पेणला गणपतीच्या कारखान्यात मूर्ती घासून गुळगुळीत करायचं काम करते. आई कधीच गेली. खरं ऐकून हाय खाणारं आता कोणी उरलेलं नाही. तरीही मी कुंदाला सांगितलेलं नाही.

आणि त्या इस्पितळातलं एक राहिलं. कुंदा सावरल्यावर डॉक्टरबाई तिला नव्या बायकांशी बोलायला बसवायच्या. एकदा महाडकडची एक विधवा पोर आली, विशीचीही नसेल, नुसती रडत होती. कुंदा तिच्या पाठीवर हात फिरवत म्हणाली, “तुला नवऱ्याकडनं आलंय. तुझा काय दोष नाय गो. माझं तसं नाय. मी माझ्या मानसाला घालवला — तरी ह्या माझ्या नणंदेनं मला पोरीसारखी जगवली.”

त्या पोरीनं डोळे पुसले, उठली आणि माझ्या पाया पडली.

मी पाय मागे घेतले नाहीत.