साक्षीदाराची सही

"किससे सुना?" असं विचारून सर चष्मा कपाळावर चढवायचे आणि उत्तर मिळेपर्यंत खाली आणायचे नाहीत.

स्टाफरूममध्ये कुणी सांगावं, की उद्या नळाला पाणी नाही. "किससे सुना?" शिपायाकडून. "उसने किससे सुना?" दोन प्रश्नांत बातमी आडवी व्हायची आणि दुसऱ्या दिवशी पाणी नेहमीच्या वेळी यायचं. असा एखादा माणूस तुमच्याही ऑफिसात असेल. त्याच्यासमोर गप्पा मारायची चोरी होते.

भोपाळच्या एका सरकारी कारखान्याची टाउनशिप आणि तिथली आमची शाळा. यजमानांची बदली झाली म्हणून आम्ही पुण्याहून आलो. मी संस्कृत शिकवायचे, सर उर्दू. दोघांनाही विद्यार्थी कमी, म्हणून एकच टेबल दिलेलं होतं.

एका वर्षी प्राचार्यांनी आठवीसाठी दर गुरुवारी धर्मग्रंथांचा तास सुरू केला. गीता माझ्याकडे आली, कुराण सरांकडे. मी पहिल्याच दिवशी अध्याय पाठ करायला दिला. सरांनी पाठांतर मुळीच घेतलं नाही. ते स्वतः हाफिज होते, म्हणजे अख्खं कुराण त्यांना मुखोद्गत. "दस बरस की उम्र में पूरा याद था, बाई," ते म्हणाले. "उसका मतलब पूछना चालीस के बाद शुरू किया. बच्चे उलटे रास्ते से चलें तो अच्छा."

आयत, म्हणजे कुराणातलं वचन, हाती घेतली, की अर्थाआधी तिचा प्रसंग यायचा. कब उतरी, कहाँ, किस बात पर. आमचा मुलगा त्याच वर्गात होता. त्यानं एकदा विचारलं, "सर, किताब ऊपर से जिल्द लगी हुई आई थी?" वर्ग हसला. सर हसले नाहीत. "नहीं बेटा. तेईस बरस में, थोड़ी-थोड़ी. जिसके पास जो था, उस पर लिख ली."

पुढच्या गुरुवारी त्यांनी एक पोतं आणलं. त्यात खजुराच्या झावळ्या, चपटे दगड, चामड्याचे तुकडे आणि बोकडाच्या खांद्याची घासूनपुसून पांढरी केलेली हाडं. परंपरा सांगते, की सुरुवातीला आयती अशाच वस्तूंवर लिहिल्या गेल्या, आणि पुढे एकत्र करताना प्रत्येक तुकड्यामागे दोन साक्षीदार मागितले गेले. ते मुलांना कळावं म्हणून सरांचा हा खटाटोप. आयत कुणी लिहायची नाही. घरी आई रोज जे म्हणते, त्यातलं एक वाक्य लिहायचं. खाली दोन सह्या, त्यातली एक आईची.

आमच्या चिरंजिवांच्या वाट्याला हाड आलं. जन्मात घरात अंडं आलं नव्हतं. तरी मी नाक मुठीत धरून सही केली. वाक्य होतं, "आधी हातपाय धू, मग देवापाशी दिवा लाव."

त्याच आठवड्यात मराठी मंडळाचं हळदीकुंकू होतं. मला चार बायकांत बोलायची हौस भारी. म्हटलं, "आमचे चिरंजीव आता हाडावर आयती लिहितात. दोन महिन्यांत नमाजही पढतील!" बायका खूप हसल्या. मीही हसले.

पंधरा दिवसांत प्राचार्यांकडे तक्रार गेली, की मुलांकडून हाडांवर मंत्र लिहून घेतात, नमाज शिकवतात. सरांनी सगळे तुकडे प्राचार्यांच्या टेबलावर मांडले. प्राचार्यांनी ते वाचले आणि म्हणाले, "मैं समझ गया, बाहर वाले नहीं समझेंगे. जिसने बात शुरू की, वही आकर कह दे कि ग़लत थी, तो पीरियड चलेगा. सोमवार तक."

सर कागद घेऊन दारोदार फिरले. तक्रार करणारे युनियनचे पुढारी, त्यांना सांगणारा फोरमन, फोरमनची बायको, तिला सांगणाऱ्या आमच्या शेजारच्या जोशीबाई. एकाखाली एक नावं. शनिवारी त्यांनी तो कागद आमच्या टेबलावर ठेवला.

"जोशीबाई तक पहुँच गया हूँ," ते म्हणाले. "उन्हें किसने कहा, वो कहती हैं, याद नहीं."

शेवटची ओळ कोरी होती. त्यांचा चष्मा कपाळावर होता. माझ्यापुढे वह्यांचा गठ्ठा होता आणि मी लाल पेनानं एका विसर्गाभोवती गोल काढत राहिले. यजमान काय म्हणतील, मंडळ काय म्हणेल, हेच डोक्यात.  शेवटी सरांनी चष्मा स्वतःच खाली घेतला.

सोमवारी तास बंद झाला. माझी गीताही त्याच आदेशात गेली. सरांनी तुकडे मुलांना परत केले. आमचं हाड मात्र वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या हातात दिलं. "सँभालकर रखिएगा," एवढंच म्हणाले. पुढची नऊ वर्षं आम्ही त्याच टेबलावर बसलो. चहा आला, की माझा कप आधी पुढे सरकवायची त्यांची सवय होती, ती मोडली नाही.

निवृत्तीनंतर ते भोपाळातच बाग सेवनियाला राहायला गेले, आम्ही मिसरोदला. गेल्या महिन्यात ते वारल्याचं जोशीबाईंनी फोनवर कळवलं. मग म्हणाल्या, "एक सांगू? तेव्हा ते आमच्याकडे आले होते ना, मी तुमचं नाव सांगितलं होतं हो. मला वाटलं, तुम्हाला बोलले असतील."

पुराव्याशिवाय पाण्याची बातमीसुद्धा न मानणारा माणूस. माझ्यासाठी एकदा खोटं बोलला, आणि त्यापायी स्वतःचा तास गमावून बसला. मला फार लाज वाटते. आता हे कुणाला सांगून उपयोग नाही, हेही कळतं.

हाड कपाटात आहे. शाई फिकट झाली, तरी वाक्य वाचता येतं आणि त्याखाली साक्षीदार म्हणून माझी ठसठशीत सही. त्या कागदाचं पुढे काय झालं, ठाऊक नाही. त्याची शेवटची ओळ इथं भरते.

किससे सुना? कुणाकडूनही नाही, सर. मीच म्हटलं होतं.